पिवळ्या दातांचं रूट कॉज: नेरूळच्या फ्लॅटपासून पांढरकवड्याच्या बोअरवेलपर्यंत

हे एपिसोडचं लेखी रूप. अडखळणं, खोकणं आणि मागून येणारा कुकरच्या शिट्ट्यांचा आवाज काढून टाकलाय, बाकी जसं बोललो तसंच.



आजचा विषय जरा वेगळा आहे. एरवी आपण इथे नोकरी, पैसे, कोडिंग, घरभाडं असलं काहीतरी बोलतो. आज दातांवर बोलायचंय. दात पिवळे का होतात आणि पांढरे कसे करायचे. मी डेंटिस्ट नाही, हे आधीच सांगतो. मी बीटेक केलंय, सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे माझ्या बोलण्यावर भरवसा ठेवून कोणी तोंडात काही घालू नका. पण गेल्या वर्षभरात या विषयात मी इतका खोल गेलो की ते बोलल्याशिवाय राहवत नाही. कारण माझा रूममेट.

त्याच्या परवानगीने सांगतोय, नाव घेणार नाही. आम्ही दोघं नेरूळला एका वन बीएचकेत राहतो, ट्रान्स हार्बरने ऐरोलीला कामाला जातो. तो यवतमाळ जिल्ह्यातला, पांढरकवड्याच्या बाजूचा. कामात माझ्यापेक्षा हुशार. पण मीटिंगमध्ये त्याचा कॅमेरा कायम बंद. हसताना हात तोंडावर. तीन वर्षं एकत्र राहतोय, मला वाटायचं ही त्याची सवय आहे, काही माणसं असतात तशी. नंतर कळलं की सवय वगैरे काही नाही, तो दात लपवतोय.

त्याच्या वरच्या पुढच्या दातांवर आडवे पट्टे आहेत. काही खडूसारखे पांढरे, काही पिवळट, आणि मधोमध तपकिरी डाग. लांबून बघणाऱ्याला एकच वाटतं, हा माणूस तंबाखू खातो. त्यातून यवतमाळचा म्हटल्यावर तर विषयच संपला, खर्रा खात असणार. गंमत म्हणजे हा माणूस सुपारीसुद्धा खात नाही.

मागच्या दिवाळीनंतर त्याच्या लग्नाचं बघायला सुरुवात झाली. एका ठिकाणी मुलगी पाहायला गेले, चहापोहे झाले, सगळं छान चाललं होतं, आणि मुलीच्या मामांनी अगदी प्रेमाने, खांद्यावर हात ठेवून विचारलं, "खर्रा किती वर्षांपासून खाता?" हा म्हणाला, "मी खात नाही काका." मामा नुसते हसले. तिकडून निरोप आला नाही. नकार दातांमुळेच आला असं कोणी म्हटलं नाही, पण याच्या डोक्यात ते घट्ट बसलं.

नेरूळला परत आल्यावर त्याने पहिलं काय केलं असेल? मोबाइल उघडून 'दात पांढरे करण्याचे उपाय' शोधलं. मग सुरू झाला आमच्या बाथरूममधला प्रयोगशाळेचा सीझन.

आधी आली चारकोलची टूथपेस्ट. काळीकुट्ट, बेसिन काळं, टॉवेल काळा. मी म्हटलं, अरे ही तर राखुंडी. आमची आजी ज्या डब्यातून काढायची तीच, फक्त आता चकचकीत ट्यूबमध्ये चारशे रुपयांना. कोळशाची पूड घासते, म्हणून वरवरचा थर निघतो, दात उजळ वाटतात. पण घासणारी गोष्ट डागही घासते आणि दातही घासते, तिला दोघांतला फरक कळत नाही. टूथपेस्ट किती खरवडते हे मोजायचं एक माप आहे, आरडीए म्हणतात. आंतरराष्ट्रीय मानकात त्याची वरची मर्यादा 250 आहे. सोशल मीडियावरच्या जाहिरातीत हा आकडा कधी दिसलाय तुम्हाला?

मग लिंबू आणि मीठ. हा उपाय तर प्रत्येक घरातल्या कुठल्या ना कुठल्या मावशीला माहीत असतो. इथे जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान मला इथे दिसलं. दाताचं वरचं कवच, इनॅमल, हे शरीरातलं सगळ्यात कठीण द्रव्य. वजनाने साधारण 96 टक्के खनिज. पण ते विरघळतं. तोंडातला पीएच साधारण साडेपाचच्या खाली गेला की इनॅमलमधून खनिज बाहेर पडायला लागतं. लिंबाच्या रसाचा पीएच दोनच्या आसपास. म्हणजे आधी आम्लाने पृष्ठभाग मऊ करायचा आणि लगेच त्यावर मिठाचे खडे घासायचे. भिंतीला रंग काढायचं रसायन लावून वर पॉलिश पेपर मारावा, तसं. दोन दिवस दात पांढरे दिसतात, कारण वरचा थर गेलेला असतो. आणि जे गेलं ते परत येत नाही. इनॅमल तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीतून बाहेर येतानाच संपतात. केस परत वाढतात, नखं वाढतात, इनॅमल वाढत नाही.

यात अजून एक उलटा खेळ आहे. इनॅमल पांढरं नसतं, अर्धपारदर्शक असतं. त्याच्या आत डेंटिन नावाचा थर असतो आणि तो मुळात पिवळसर असतो. म्हणजे निरोगी दात थोडा पिवळटच दिसतो. इनॅमल जितकं पातळ, तितका आतला पिवळा थर जास्त दिसणार. म्हणून वय वाढलं की दात पिवळे होतात, आणि म्हणूनच लिंबू-मीठवाले काही महिन्यांनी आधीपेक्षा पिवळे दिसतात. मग ते अजून जोरात घासतात.

डेंटिस्टकडे दातांच्या रंगाची एक पट्टी असते. रंगवाले शेडकार्ड दाखवतात ना, तशीच. त्यातल्या जुन्या प्रचलित पट्टीत 16 छटा आहेत, ए, बी, सी, डी अशा गटांत, आणि त्यातली एकही छटा कागदासारखी पांढरी नाही. आपण रीलमध्ये जे दात बघतो ते बहुतेकदा या पट्टीच्या बाहेरचे असतात, एकतर वर बसवलेली कवचं किंवा नुसता फिल्टर. आणि आपल्याकडे पांढऱ्या दातांचं हे वेड कायमचं होतं असंही नाही. जुन्या काळी लग्न झालेल्या बायका दातवण लावून मुद्दाम दात काळे करायच्या, त्याला शोभा मानायचे. असो.

दात 'पिवळे' असं आपण एका शब्दात म्हणतो, पण तो एक बग नाहीये. ते एकाच एरर मेसेजखाली दडलेले पाच-सहा वेगवेगळे बग आहेत. आणि प्रत्येकाचा फिक्स वेगळा.

बाहेरून बसणारे डाग, ही पहिली जात. चहा, कॉफी, हळद-मसाले, तंबाखू, पान. दातावर लाळेतल्या प्रथिनांचा एक बारीक पापुद्रा सतत असतो, त्याला हे रंग चिकटतात. माझाच किस्सा सांगतो. अक्कलदाढ काढली तेव्हा मला क्लोरहेक्सिडीनचा माउथवॉश दिला होता. साधारण दोन आठवडे वापरायचा असतो. मला तोंड ताजं वाटायला लागलं म्हणून मी दोन महिने ओढलं, आणि वर दिवसाला चार कटिंग. एक दिवस आरशात बघतो तर खालचे दात आतून तपकिरी! मी घाबरून गेलो. डेंटिस्ट बाई म्हणाल्या, हा माउथवॉश आणि चहा यांची जोडी आहे. अर्ध्या तासाचं क्लीनिंग केलं आणि डाग गेले. म्हणजे ज्याला डेंटिस्ट स्केलिंग-पॉलिशिंग म्हणतात तेवढं. लहान मुलांना लोहाचं सिरप दिलं की दातावर काळी रेघ येते, तीही याच जातीची, निघते.

आणि हो, क्लीनिंगने दात हलतात असं अजूनही लोक म्हणतात. दातांवर जमलेला दगडी थर काढल्यावर, आधीच सैल झालेला दात सैल असल्याचं जाणवतं, एवढंच. सिमेंट लावून उभी ठेवलेली भिंत होती ती.

याच जातीत आमची आजी. सातारा जिल्ह्यातली. सकाळी तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, चुरगळून पूड करायची, ती मशेरी. तो वास अजून माझ्या नाकात आहे. तिच्या दृष्टीने ते व्यसन नव्हतं, ते दात घासणं होतं. पण मशेरी लावल्याशिवाय तिचं पोट साफ व्हायचं नाही, डोकं दुखायचं, दुपारी परत एकदा बोट डब्यात. दात काळपट तपकिरी. तंबाखू असलेल्या टूथपेस्ट आणि दंतमंजनावर केंद्र सरकारने 1992 साली बंदी घातली, पण घरच्या तव्यावर कोण बंदी घालणार? तिथे दातांचा रंग हा प्रश्नच नाही, प्रश्न हिरडीचा आणि गालाच्या आतल्या कातडीचा आहे. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड कमी उघडणं, यातलं काही घरात कोणाला असेल तर दात पांढरे करण्याचं राहू द्या, आधी डॉक्टरला तोंड दाखवा.

दुसरी जात आतल्या रंगाची. इथे घासून काही होत नाही. लहानपणी क्रिकेटचा बॉल दातावर बसला, आतली नस मेली, आणि काही वर्षांनी तो एकच दात करडा झाला. तिथे आधी रूट कॅनाल बघावं लागतं. किंवा दात तयार होत असताना टेट्रासायक्लीन हे अँटिबायोटिक दिलं गेलं तर दातात करडे-तपकिरी पट्टे येतात. म्हणून आठ वर्षांखालच्या मुलांना आणि गरोदर बाईला ते सहसा देत नाहीत. आणि तिसरं कारण, ज्यासाठी हा एपिसोड आहे, त्याच्याकडे येतोच.

तर आमचा रूममेट. घरचे उपाय संपल्यावर तो गेला एका मॉलमध्ये. तिथे व्हाइटनिंगचा स्टॉल होता, रिक्लायनर, निळा लाइट, गोरी हसणारी बाई पोस्टरवर. साडेतीन हजार रुपये. तोंड उघडं ठेवणारा प्लास्टिकचा साचा लावला, जेल लावलं, निळा दिवा लावला, अर्धा तास. उठल्यावर आरसा दाखवला. खरंच पांढरे! त्याने मला फोटो पाठवला, मी पण म्हटलं, भारी.

दोन दिवसांनी दात होते तिथेच. उलट खडूसारखे पांढरे पट्टे आधीपेक्षा जास्त उठून दिसत होते. आणि पाणी पिताना झिणझिण्या.

हे का झालं ते नंतर वाचलं. अर्धा तास तोंड उघडं ठेवलं की दात कोरडे पडतात. कोरडं इनॅमल जास्त पांढरं दिसतं. लाळ लागली, एक-दोन दिवस गेले, की रंग परत. म्हणजे आरशात त्याने जे बघितलं त्यातला बराच भाग निव्वळ कोरडेपणा होता. निळ्या दिव्याने फारसा फायदा होतो असंही अभ्यासांतून ठामपणे दिसलेलं नाही. काही टूथपेस्टमध्ये तर निळं रंगद्रव्यच असतं, ते दातावर बारीक थर देतं आणि पिवळा रंग दबतो. आपल्या आया पांढऱ्या कपड्यांना नीळ द्यायच्या, तोच हिशोब. त्यात वाईट काही नाही, फक्त तो धुण्याचा उपाय आहे, डाग काढायचा नाही.

खरं ब्लीचिंग म्हणजे पेरॉक्साइड. ते इनॅमलमधून आत जातं, रंग देणारे मोठे रेणू तोडतं, आणि ते तुकडे प्रकाश कमी शोषतात. 1989 मध्ये हेवूड आणि हेमन या दोन अमेरिकी डेंटिस्टांनी दाताच्या मापाच्या ट्रेमध्ये 10 टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड घालून रात्री वापरायची पद्धत मांडली, ती आजही चालते. 10 टक्के कार्बामाइड म्हणजे साधारण साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. कमी ताकद, जास्त दिवस. युरोपात 6 टक्क्यांपर्यंतचं पेरॉक्साइडसुद्धा फक्त डेंटिस्टच्या हातून मिळतं. चहाने आणि वयाने पिवळ्या झालेल्या निरोगी दातांना याचा चांगला उपयोग होतो, थोडे दिवस सळसळ होते, ती जाते. पण कीड असेल, हिरड्यांतून रक्त येत असेल, तर आधी ते. आणि क्राउन किंवा पुढच्या दातात भरलेलं सिमेंट पांढरं होत नाही, आजूबाजूचे दात उजळतात आणि तोच एक जुना दिसतो. लग्नाआधी आठ दिवस करायला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

मॉलनंतर मी त्याला ओढून डेंटल कॉलेजच्या ओपीडीत नेलं. नवी मुंबईत एक गोष्ट चांगली आहे, डेंटल कॉलेजांचा तुटवडा नाही. नेरूळ, बेलापूर, खारघर, कामोठे, कुठेही उतरा. वेळ लागतो, रांग असते, पण खर्च खासगी क्लिनिकपेक्षा कमी आणि वर शिकवणारे डॉक्टर बघतात. आमच्यापेक्षा लहान वयाची एक इंटर्न मुलगी होती. तिने दात बघितले, लाइट तिरका केला, आणि एकही प्रश्न तंबाखूबद्दल विचारला नाही. तिने विचारलं, "तुमचं गाव कुठलं? लहानपणी पाणी कुठलं प्यायचात?"

याच्या चेहऱ्यावरचे भाव मी विसरणार नाही. अठ्ठावीस वर्षांत हा प्रश्न त्याला पहिल्यांदा कोणी विचारला होता.

"बोअरवेलचं," तो म्हणाला.

"घरात अजून कोणाचे दात असे आहेत?"

"आमच्या गावात सगळ्यांचेच असेच राहते."

फ्लोरोसिस. पाण्यात फ्लोराइड जास्त असेल आणि दात तयार होत असताना, म्हणजे जन्मापासून साधारण आठ वर्षांपर्यंत, मूल तेच पाणी पीत असेल, तर इनॅमल नीट पक्कं होत नाही. पृष्ठभागाखाली बारीक बारीक पोकळ्या राहतात. म्हणून दात येतानाच खडूसारखा पांढरा येतो. मग पुढच्या वर्षांत त्या पोकळ्यांत रंग मुरतो आणि तो पिवळा, तपकिरी होतो. ओळखायची खूण म्हणजे दोन्ही बाजूंना सारखं. डावीकडच्या दातावर पट्टा तर उजवीकडच्या जोडीदारावरही. कारण दोन्ही दात एकाच वेळी तयार होत होते. झाडाच्या खोडावरच्या वलयांसारखं ते आहे, कुठल्या वर्षी काय प्यायलात त्याची नोंद. आमच्या भाषेत सांगायचं तर लॉग फाइल. आणि लोक ती वाचून म्हणतात, खर्रा खातो.

आता हे पाणी तिकडेच का? आपल्या राज्याचा मोठा भाग डेक्कन ट्रॅपच्या काळ्या दगडावर बसलाय. पूर्वेकडे गेलं की हा थर पातळ होतो, संपतो, आणि खालचे वेगळे, जुने खडक येतात. काही खडकांत फ्लोराइड असलेली खनिजं असतात. पाणी जितकं खोल आणि जितका जास्त काळ त्या खडकात राहील, तितकं फ्लोराइड त्यात उतरतं. यवतमाळचा पूर्व भाग, चंद्रपूर, नांदेडमधलं किनवट, या पट्ट्यात हा त्रास जुना आहे. आणि यातला क्रूर विनोद असा की लोक आधी उघड्या विहिरीचं पाणी प्यायचे, त्याने हगवण-कावीळ व्हायची. मग 'स्वच्छ' पाणी म्हणून हातपंप आणि बोअर आले. जंतू गेले, फ्लोराइड आलं.

भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत. त्याच्या वर वर्षानुवर्षं गेलं की दातांवर थांबत नाही, हाडं आणि सांधे धरतात, कंबर वाकते. आपल्या देशात याची पहिली ठळक नोंद 1937 मध्ये, तेव्हाच्या मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर जिल्ह्यातून झाली. म्हणजे ही नवीन माहिती नाहीये. नव्वद वर्षं होत आली.

उपचाराचं लवकर सांगतो. मॉलवाल्या ब्लीचने आधी पांढरे डागच जास्त उठतात, ते आम्ही बघितलंच. कॉलेजमध्ये त्याला मायक्रोअॅब्रेजन केलं. रबराचा पडदा लावून दात वेगळे करतात, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल आणि बारीक पूड यांची पेस्ट काही सेकंद फिरवतात, धुतात, परत बघतात. डाग असलेला वरचा अगदी पातळ थर निघतो. तुम्ही म्हणाल, मग लिंबू-मीठ काय वेगळं? वेगळं हे की इथे किती सेकंद, कुठल्या दातावर आणि कधी थांबायचं हे ठरवणारा माणूस आहे, आणि ते एकदाच करायचंय, रोज सकाळी नाही. त्यानंतर काही आठवडे ट्रेमधलं सौम्य ब्लीच. खूप खोल डाग असतील तर याने भागत नाही, मग वरून कॉम्पोझिट किंवा व्हेनिअर. याचे डाग मध्यम होते. तपकिरी बराचसा गेला. पट्टे पूर्ण गेले नाहीत, जवळून बघितलं तर दिसतात. त्याचा कॅमेरा आता सुरू असतो. सगळ्या मीटिंगला नाही, पण असतो.

इथे एपिसोड संपला असता. पण शेवटच्या व्हिजिटला त्या शिकवणाऱ्या मॅडमनी त्याला सहज विचारलं, "गावाकडे घरात लहान कोणी आहे का?"

आहे. पुतणी. तेव्हा वीस महिन्यांची.

मॅडम म्हणाल्या, "तुमच्या दातांचं आपण वरवरचं केलं. तिचे कायमचे पुढचे दात आत्ता तयार होतायत. हिरडीच्या आत. साधारण दीड ते अडीच-तीन वर्षं हा त्यांचा सगळ्यात नाजूक काळ."

त्या रात्री तो झोपला नाही. सकाळी तिकीट काढलं आणि गावी गेला. जाताना टीडीएस मीटर घेऊन गेला, पेनासारखा मिळतो ना ऑनलाइन, तो. आणि दुपारी मला फोन, "अबे, रीडिंग तर ठीक आहे, चारशेच्या आत."

मी पण इंजिनिअर, मलाही आधी बरंच वाटलं. मग डोक्यात प्रकाश पडला. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेलं एकूण सगळं. मीटर फक्त पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो. चारशेत दोन-तीन मिलिग्रॅम फ्लोराइड असलं तरी त्याला पत्ता लागणार नाही. चुकीचा मेट्रिक डॅशबोर्डवर हिरवा दिसतोय आणि आपण खूश, हे आम्ही ऑफिसात रोज करतो. फ्लोराइडला चव नाही, वास नाही, रंग नाही. ते वेगळंच तपासावं लागतं. जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत होतं. भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडे, म्हणजे जीएसडीएकडे, अनेक स्रोतांचे रिपोर्ट असतात, ग्रामपंचायतीत विचारलं तर बऱ्याचदा आधीचा कागद सापडतो. याने बाटल्या भरून नेल्या. एक घराजवळच्या बोअरची, एक शाळेच्या हातपंपाची, एक चुलत्याच्या शेतातल्या जुन्या विहिरीची.

बोअर मर्यादेच्या दुपटीच्या वर. हातपंप त्याच्या जवळपास. विहीर 1 च्या खाली.

त्याच्या आईने लगेच तोडगा सांगितला, पाणी उकळून देऊ पोरीला. कुठल्याही आईने हेच म्हटलं असतं. पण उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराइड जात नाही. उलट वाफ उडून जाते आणि उरलेल्या पाण्यात ते वाढतं. आमच्या नेरूळच्या फ्लॅटमध्ये मोरबे धरणाचं पाणी येतं. पावसाचं साठवलेलं, पालिकेने शुद्ध केलेलं. आणि त्याला आम्ही आरओ बसवलाय, आधीच्या भाडेकरूंनी लावला होता म्हणून. आरओ फ्लोराइड काढतो. म्हणजे जिथे गरज नाही तिथे मशीन भिंतीवर लटकतंय आणि जिथे आहे तिथे उकळा म्हणतोय. मी ते मशीन काढून तिकडे पाठवायच्या तयारीत होतो, पण गावात वीज आणि पाण्याचा दाब दोन्हीचा भरवसा नाही, आणि दर लिटरमागे वाया जाणारं पाणी वेगळंच. नागपूरच्या नीरी संस्थेने तुरटी आणि चुन्याने फ्लोराइड खाली बसवायची पद्धत काढली, नालगोंडा तंत्र म्हणून ओळखली जाते. चांगली आहे, स्वस्त आहे, पण रोज माप चुकलं की बिघडते. घरात बाळ, शेतीची कामं, कोण मोजत बसणार?

शेवटी ठरलं ते साधं. पोरीचं पिण्याचं आणि तिच्या भाता-वरणाचं पाणी चुलत्याच्या विहिरीचं. गाळून, उकळून. इथे उकळणं बरोबर, कारण इथे भीती जंतूंची आहे. आंघोळीला, धुण्याला बोअर चालतं, कातडीतून काही होत नाही. चहा द्यायचा नाही, चहाच्या पानात मुळातच फ्लोराइड असतं, आणि आपल्याकडे दोन वर्षांच्या पोराला बशीत चहा देणं म्हणजे लाड. त्यावरून घरात भांडण झालं. वहिनी रोज अर्धा किलोमीटर जाऊन दोन कळशा आणते. याने सायकलला कॅन लावायचा स्टँड करून दिला, भाऊ आणतो आता. कधी आणतो, कधी विसरतो.

आणि याने पंचायतीत तो रिपोर्ट दिला. ग्रामसेवकाने ठेवून घेतला. शाळेच्या हातपंपाचं अजून काही झालेलं नाही. तो महिन्यातून एकदा फोन करतो, नाव-नंबर लिहून ठेवलेत त्याने, एक्सेल शीट आहे त्याच्याकडे.

एक गैरसमज आत्ताच काढतो, नाहीतर मेल येतील. यातून 'फ्लोराइडची टूथपेस्ट वाईट' असा अर्थ काढू नका. टूथपेस्ट आपण थुंकतो, आणि किडीविरुद्ध ती कामाची आहे. फक्त लहान मुलांना जाहिरातीसारखी ब्रशभर लाट द्यायची नसते. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, त्यानंतर वाटाण्याएवढी. फ्लोराइडच्या पट्ट्यात राहत असाल तर डेंटिस्टला विचारून ठरवा.

अमेरिकेत आयडाहो राज्यात ओकली नावाचं गाव आहे. 1923 मध्ये तिथल्या आईबापांनी फ्रेडरिक मॅके नावाच्या डेंटिस्टला बोलावलं. हा माणूस 1901 पासून कोलोरॅडोतल्या तपकिरी दातांचं कोडं सोडवत होता. ओकलीच्या लोकांचं म्हणणं होतं की लांबच्या गरम झऱ्यावरून नळ आणल्यापासून पोरांचे दात डागाळतायत. मॅकेला पाण्यात नेमकं काय आहे ते माहीत नव्हतं. ते 1931 मध्ये चर्चिल नावाच्या एका रसायनतज्ज्ञाने शोधलं. तरी मॅके म्हणाला, हा नळ सोडा, दुसऱ्या झऱ्याचं पाणी घ्या. गावाने ऐकलं. काही वर्षांनी लहान पोरांचे कायमचे दात आले ते स्वच्छ आले. कारण सापडायच्या आधी स्रोत बदलला. आपल्याकडे कारण सापडून, मोजून, रिपोर्ट छापून झालाय.

रूममेटचं लग्न अजून ठरलेलं नाही, बघणं चालू आहे. मागच्या रविवारी एका ठिकाणी त्याने स्वतःच विषय काढला म्हणे. "माझे दात असे का आहेत ते सांगू का?" आणि मग पंधरा मिनिटं भूगर्भशास्त्र. मी म्हटलं, अबे, मुलगी पळून जाईल. तो म्हणाला, तिने विचारलं की आमच्या वणीच्या बोअरचं कुठे तपासून मिळेल.

पुतणी आता अडीच वर्षांची आहे. दुधाचे दात आलेत सगळे, त्यांवर फारसं काही नाही. पण त्यांवरून काही कळत नाही, ते बरेचसे पोटात असतानाच तयार होतात. वरचे पुढचे कायमचे दात साधारण सातव्या वर्षी येतील. पहिले वीस महिने तिने बोअरचं पाणी प्यायलंय, त्यानंतर विहिरीचं, मधून मधून विसरलेले दिवस सोडून. त्याचा हिशोब तेव्हा दिसेल.

चला, इथेच थांबतो, खाली गाडीवाला आलाय सिलिंडर घेऊन. भेटू पुढच्या आठवड्यात.